कंबरेत उसण भरल्यानंतरचे सहा आठवडे

सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी जी दुखणी अचानक उद्भवतात त्यांत कंबरेची इजा ही सर्वांत अडचणीची होय. ताप आला तर तो तीन-चार दिवसांत उतरेल अशी आशा असते. हात मोडला तर तो हाडाच्या डॉक्टरांकडे दाखवावयाचा हे सर्वांस ठाऊक असते. परंतु सोयाबीनचे पोते ट्रॉलीत टाकताना कंबरेत कळ आली आणि माणूस जागच्या जागी बसला, म्हणजे पुढे काय करावे याविषयी गावात जितकी तोंडे तितकी मते ऐकू येतात. यांपैकी बरीचशी मते निरुपयोगी असतात, काही अपायकारक असतात. आणि सर्वांत अधिक नुकसान करणारे मत दिसावयास मात्र अगदी निरुपद्रवी असते. ते म्हणजे, "महिनाभर पडून राहा."

उदाहरणादाखल एका घराची हकीकत पाहू. जमीन चार एकर, बहुतेक कोरडवाहू. दारात एक म्हैस. घरात नवराबायको, वृद्ध आई आणि शाळेत जाणारा मुलगा. ऑक्टोबर महिन्यात भाड्याचे मळणीयंत्र आले, सोयाबीनची रास झाली, आणि संध्याकाळी आभाळ भरून आले. पोती झाकण्यापेक्षा घरी नेलेली बरी म्हणून घरधन्याने एकट्यानेच उचलावयास प्रारंभ केला. सहावे की सातवे पोते उचलून ट्रॉलीकडे वळताना कंबरेत उसण भरली. चौघांनी त्याला धरून बाजेवर आणून टाकले. रात्रीच गावातील पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय तीन वेळा कंबरेला लावण्यात आला. दुसऱ्या दिवशी कोणी बिब्बा घातला. त्याने कातडी भाजून फोड आले व पुढे ते पिकले. तिसऱ्या दिवशी, "गादी सरकली आहे, हलू नका" असा सल्ला मिळाला, आणि तो मात्र अक्षरशः पाळला गेला. चोवीस दिवस हा मनुष्य सैल विणीच्या बाजेवर पडून होता.

या चोवीस दिवसांत म्हशीच्या धारा, वैरण, सासूचे औषधपाणी आणि उघड्यावरची रास हे सारे एकट्या घरधनिणीवर पडले. काही सोयाबीन भिजले व बाजारात त्याला कमी भाव आला. हरभऱ्याची पेरणी पंधरवड्याने मागे पडली. चोविसाव्या दिवशी जेव्हा हा गृहस्थ उठला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते, आणि कंबर पहिल्या आठवड्यापेक्षाही अधिक ताठ झाली होती. पुन्हा कुदळ हाती धरावयास संक्रांत उलटली. "माझी कंबर गेली" असे तो स्वतःविषयी बोलू लागला. हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी आले की दुखणे अर्धे शरीरात आणि अर्धे मनात घर करून बसते.

इजा होते ती कशी

पाठीच्या कण्याचा कंबरेतील भाग पाच मणक्यांचा असतो. दोन मणक्यांमध्ये एकेक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. तिच्या कडेला चिवट तंतूंची वेटोळी असतात आणि मध्यभागी ओलसर, मऊ असा गर असतो. मणक्यांच्या मागील बाजूस स्नायू व बंध असून खाली वाकलेले शरीर वर ओढून धरण्याचे काम ते करतात.

पहारेने दगड हलविणाऱ्यास हे चटकन समजेल. टेकूपासून दूर असलेल्या टोकाशी थोडा जोर लावला की जवळच्या टोकाशी मोठा जोर निर्माण होतो. कंबरेचे स्नायू टेकूपासून, म्हणजे मणक्यापासून, जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात; आणि हातातील ओझे मात्र पुष्कळदा पन्नास सेंटिमीटर पुढे असते. अशा स्थितीत दहा किलोचे ओझे तोलण्यास स्नायूंना शंभर किलोचा ताण द्यावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचा भार त्याहून निराळा. तेच ओझे पोटाशी घट्ट धरले तर हा ताण निम्म्याहून खाली येतो. ओझे धरलेले असताना पाय न हलविता नुसती कंबर वळविणे हे त्याहूनही वाईट. वरील हकीकतीत नेमके तेच घडले.

अशा प्रसंगी स्नायू ताणला गेला, बंध दुखावला की गादीच्या कडेला इजा झाली, हे पुष्कळदा निश्चित सांगता येत नाही. आणि सुदैवाने उपचारासाठी ते सांगता येण्याची आवश्यकताही नसते. गादी "सरकते" हा शब्दप्रयोगही फसवा आहे. गादी वरच्या व खालच्या मणक्यांना पक्की जोडलेली असते. ती रुपयाच्या नाण्यासारखी बाहेर सटकत नाही. तिची कड कमजोर होऊन फुगवटा येतो एवढेच, आणि असे फुगवटे बहुधा कालांतराने आक्रसतात. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ लोकांच्या कण्याची एमआरआय चित्रे काढली असता त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. तेव्हा तालुक्याच्या गावी हजारो रुपये मोजून आणलेल्या अहवालात "फुगवटा" हा शब्द दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. केस पांढरे होतात तशा गाद्याही वयाबरोबर बदलतात.

अंथरुणाचा उपचार मागे का पडला

एके काळी डॉक्टर स्वतःच कंबरदुखीच्या रोग्यास आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवीत असत, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गावातील वडीलधारी मंडळी आज जे सांगतात ते त्या काळच्या डॉक्टरांकडूनच आलेले आहे. पुढे या पद्धतीची परीक्षा घेण्यात आली. १९८६ साली अमेरिकेत २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस अंथरुणात राहण्यास सांगण्यात आले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस पुष्कळच कमी बुडाले. बाकी दुखण्यात काही फरक आढळला नाही. १९९५ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. काहींना दोन दिवसांची विश्रांती, काहींना कंबरेचे व्यायाम, आणि काहींना फक्त एवढेच सांगितले, की वेदना सोसेल त्या बेताने रोजचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते शेवटचे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला लागणारे पोषण आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपत येते, आणि हालचालीने गादी दाबली व सैल सोडली गेली की त्यास मदत होते. निजून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने दुर्बळ होतात, आणि ज्या कंबरेला आधार हवा तीच निराधार होते. शिवाय प्रत्येक दिवसागणिक हलण्याची भीती वाढत जाते. बैल आठ दिवस दावणीला बांधून ठेवला तर तो कसा आखडतो हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

पडून न राहणे याचा अर्थ दुसऱ्या दिवशी पोती उचलणे असा मात्र कोणी करू नये. पहिले एक-दोन दिवस कळ इतकी तीव्र असते की निजल्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा अवश्य निजावे. परंतु दर तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चार पावले टाकावीत.

पहिल्या आठवड्यातील घरची व्यवस्था

निजण्यासाठी झोळ पडलेली बाज उपयोगाची नाही, कारण तीत कंबर खाली जाते. त्याचप्रमाणे उघड्या फळीवर निजण्याचा हट्टही व्यर्थ आहे. स्पेनमध्ये २००३ साली झालेल्या एका अभ्यासात अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला. लाकडी पलंगावर किंवा दिवाणावर दोन-तीन गोधड्या अंथरल्या म्हणजे काम भागते. जमिनीवर अंथरूण घातल्यास निजणे सोयीचे, पण उठणे कष्टाचे होते. उताणे निजल्यास गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी घ्यावी. कुशीवर निजल्यास दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

उठताना सरळ उठून बसण्याचा प्रयत्न करू नये. आधी संपूर्ण अंग एकदम कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत, आणि हाताच्या रेट्याने धड वर आणावे. ही युक्ती घरच्यांनीही शिकून घ्यावी, म्हणजे रोग्याच्या बगलेत हात घालून त्यास ओढण्याची सवय जाईल. त्या ओढाओढीत उचलणाऱ्याची कंबर दुखावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

शौचास उकिडवे बसणे या दिवसांत फार जड जाते. मध्ये भोक असलेली खुर्ची शौचकूपावर ठेवली तर मोठाच प्रश्न सुटतो. कुंथावे लागू नये म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि आहारात भाकरीबरोबर पालेभाजी व ताक असावे. या गोष्टींचा संकोचामुळे कोणी उच्चार करीत नाही. म्हणून रोगी जेवण कमी करतो आणि अधिकच अशक्त होतो.

शेक घेतल्याने तात्पुरता आराम पडतो. गरम पाण्याची पिशवी नसेल तर तापविलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी फडक्यात बांधून घ्यावी. आधी ती आपल्या मनगटावर लावून पाहावी. तेल हलक्या हाताने चोळण्यास हरकत नाही. परंतु पाठीवर पाय देणे, झटका देऊन कंबर "बसविणे", बिब्बा घालणे, तापलेल्या सळईने डाग देणे हे सर्व प्रकार बंद झाले पाहिजेत. पायाळू माणसाने नुसता पाय लावला तर बहुधा बिघडत नाही. तथापि त्याने जोराची लाथ मारली आणि मणक्यास आधीच चीर पडलेली असली, तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते.

औषधांविषयी थोडेसे. ऑस्ट्रेलियात २०१४ साली सोळाशेहून अधिक रोग्यांवर पॅरासिटामॉलच्या गोळीची परीक्षा झाली. गोळी घेणारे रोगी सतरा दिवसांत सावरले, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे सोळा दिवसांत. हे आकडे सरासरीचे आहेत. निम्म्या रोग्यांस त्याहून अधिक काळ लागला. सर्वांना एक गोष्ट मात्र सारखी मिळाली होती, ती म्हणजे धीर आणि हिंडते-फिरते राहण्याचा सल्ला. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काहीसा उतार पडतो. पण त्या रिकाम्या पोटी, दुकानदाराच्या शिफारशीने आणि आठवडेच्या आठवडे घेतल्यास जठरास व्रण होतात व मूत्रपिंडांस इजा पोहोचते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्यांनी त्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. बाजारात खुल्या पुडीत मिळणाऱ्या बेनामी भुकट्यांपासून तर दूरच राहावे.

घरी थांबू नये असे प्रसंग

वरील सर्व विवेचन साध्या इजेस लागू आहे, आणि बहुतेक इजा साध्याच असतात. परंतु गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काही चिन्हे मुखोद्गत ठेवावीत, कारण वेळेवर ती ओळखणारा माणूस गावात पुष्कळदा तेवढाच असतो. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा सुटला, मांड्यांच्या आतील व बसण्याच्या जागेची संवेदना बधिर झाली, अथवा पायांतील शक्ती दिवसेंदिवस कमी होऊन पाऊल खाली लोंबू लागले, तर मज्जातंतूंवर दाब आला आहे असे समजावे. अशा वेळी तास मोजावे लागतात. सकाळची एसटी येईपर्यंत न थांबता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. लाजेमुळे रोगी, विशेषतः स्त्रिया, लघवीची तक्रार आपण होऊन सांगत नाहीत. ती स्पष्टपणे विचारली पाहिजे.

झाडावरून, माडीवरून किंवा विहिरीत पडल्यामुळे कंबर दुखत असेल, तर रोग्यास न वाकविता सपाट फळीवर घेऊन हलवावे. वृद्ध स्त्रीस किरकोळ धक्क्यानंतर तीव्र कळ आल्यास ठिसूळ झालेला मणका दबला असण्याचा संभव असतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट, रात्रीही न थांबणारी वेदना अशी लक्षणे असतील तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. हा रोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. त्याची तपासणी व औषधे सरकारी आरोग्य संस्थांत विनामूल्य मिळतात, आणि वेळीच उपचार झाल्यास पाठीचे कुबड व पायांचा लुळेपणा टळतो. कळ बरगडीखालून जांघेत उतरत असेल आणि लघवीतून रक्त जात असेल, तर ती कंबरेची इजा नसून बहुधा मूतखडा असतो.

कामावर परत येताना

आता पुन्हा त्या घराकडे वळू. दोन वर्षांनंतर विहिरीवरची मोटार हलविताना त्याच गृहस्थाच्या कंबरेत पुन्हा उसण भरली. एकदा दुखावलेली कंबर पुन्हा दुखावणे ही नित्याचीच गोष्ट आहे. या खेपेस आशा कार्यकर्तीच्या आग्रहाने त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथील डॉक्टरांनी पायांची शक्ती व संवेदना तपासली, लघवीविषयी विचारले, आणि धोक्याचे चिन्ह नाही असे सांगून चालावयास लावले. तिसऱ्या दिवसापासून तो बांधावरून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालू लागला. आठवडा संपताना पाऊण तासापर्यंत मजल गेली. दुसऱ्या आठवड्यात उभ्याने होणारी कामे, म्हणजे वैरण टाकणे, पिकाला पाणी देताना बारे मोडणे ही त्याने अंगावर घेतली. मात्र फावडे लांब दांड्याचे घेतले.

बाराव्या दिवशी एक चूक झाली. बरे वाटते म्हणून तो ट्रॅक्टरवर बसला आणि दिवसभर रोटाव्हेटर चालविला. सतत बसणे आणि आसनाचे हादरे यांनी रात्री कळ उलटली. चार दिवस मागे गेले. पण या वेळी त्याने बाज धरली नाही. कामाची वाढ आठवड्याच्या हिशेबाने करावी, दिवसाच्या नव्हे, हे त्यास त्यातून कळले. अशी चढउतार प्रत्येकाच्या बाबतीत होते. दुखणे थोडे वाढले म्हणजे नवी इजा झाली असे नव्हे. आदल्या दिवशीच्या निम्म्या कामावर यावे आणि पुन्हा चढत जावे. पाचव्या आठवड्याअखेर तो पूर्ववत कामास लागला.

सकाळच्या पहिल्या तासाविषयी विशेष काळजी घ्यावी. रात्री निजल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो. अशा फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. शेतकऱ्याचा दिवस तर धारा काढण्याने, शेण भरण्याने आणि झाडलोटीने, म्हणजे वाकूनच सुरू होतो. दुखण्याच्या काळात ही कामे तासभर पुढे ढकलावीत, किंवा धारेसाठी बुटके स्टूल वापरावे. फवारणीचा पाठीवरील सोळा लिटरचा पंप पाण्याने भरला की औषध व पंप मिळून वीस किलोच्या आसपास वजन होते. पहिले सहा आठवडे तो पाठीवर घेऊच नये, आणि पुढेही काही दिवस अर्धाच भरावा.

बरे झाल्यावर कंबरेचा पट्टा जन्मभर बांधणे अनावश्यक आहे. पट्ट्याने इजा टळते असे आढळलेले नाही. चालण्याने मात्र टळते. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कंबरदुखीतून उठल्यावर नेमाने चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांना पुन्हा दुखणे येईपर्यंत सरासरी २०८ दिवस गेले. न पाळणाऱ्यांना ११२. शेतकरी दिवसभर चालतोच, असे यावर कोणी म्हणेल. परंतु मोटारसायकल बांधापर्यंत जाऊ लागल्यापासून हे पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

येथवर आपण घरधन्याविषयी बोललो. घरधनिणीची कंबर दुखावली तर काय होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. तिला चोवीस दिवस तर राहोच, चोवीस तासही कोणी निजू देत नाही. खुरपणी, कापसाची वेचणी, पाण्याचे हंडे, जळणाचा भारा ही सर्व वाकण्याची व उचलण्याची कामे तिच्याच वाट्याची. निजून राहू नये हे तत्त्व तिच्या बाबतीत "सगळे काम चालू ठेव" असे वळविले जाण्याचा धोका आहे, म्हणून मुद्दाम सांगावयाचे की हलकी हालचाल व जड काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निदान दोन आठवडे हंडा आणि भारा घरातील दुसऱ्या कोणी उचलला पाहिजे. खुरपणीच्या जागी, ओळींत पेरलेल्या पिकात, उभ्याने ढकलावयाचे सायकल कोळपे वापरता येते. आणि ते पुरुषानेही ढकलावे.

शेवटी ओझ्यासंबंधी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या भाराची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली आहे, व स्त्रियांसाठी ती याहून पुष्कळ कमी असावी असे म्हटले आहे. जुन्या शंभर किलोच्या पोत्यांनी पाठीमागच्या पिढीच्या कंबरा मोडल्या. युरियाची गोणी २०१८ पासून पंचेचाळीस किलोची झाली. परंतु घरी भरलेल्या धान्याच्या पोत्यास कोणी वजन लावीत नाही. सुतळीने तोंड शिवता येईल तितके ते भरले जाते. त्या घरातील बाईने गेल्या सुगीत पोत्यावर कोळशाने एक रेघ ओढून दिली, आणि रेघेच्या वर दाणा जाऊ दिला नाही. पोती आठ अधिक झाली. ट्रॉलीला टेकविण्यासाठी दोन फळ्या खिळ्यांनी जोडून उतरण केली, आणि पोते चढविताना दोघांनी दोन टोके धरली.